गिरणीतलं बोलणं

"आता गिरणीचा आवाज लावते, आजी," असं म्हणून कानाचं मशीन बसवून देणाऱ्या मनस्विनीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि लातूरच्या त्या थंडगार खोलीत घरघर सुरू झाली. त्या घरघरीतच तिने हळू आवाजात विचारलं, "चहा घेणार का?"

"घेईन की. बिनसाखरेचा," सरजाबाई म्हणाल्या, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने, शिल्पाने, आनंदाने टाळीच वाजवली.

मनस्विनीने कानाच्या मशीनची करामत समजावून सांगितली. गोंगाट एकसुरी असतो, माणसाचं बोलणं वरखाली होतं. मशीन तेवढं ओळखतं, बोलणं वर उचलतं आणि गोंगाट खाली दाबतं.

"दगडाचा आवाजच दाबला, तर दळण संपून दगड रिकामा फिरून राहिलाय हे मला कसं कळंल?" सरजाबाईंनी विचारलं.

"मग गिरणीत काढून ठेवत जा," मनस्विनी हसून म्हणाली.

रेणापुरात परतल्यावर सरजाबाईंनी तसंच केलं. नवऱ्याच्या माघारी गिरणी त्यांनीच चालवली होती आणि त्या गिरणीनेच त्यांचे कान खाल्ले होते. गावातल्या बायांना मात्र त्याचं काही दुःख नव्हतं. घरात भिंतींनाही कान असतात. इथे मालकिणीलासुद्धा नव्हते! सासूचा जाच, नवऱ्याची बाटली, सुनेचा तोरा, सगळं गिरणीतच एकमेकींच्या कानाशी ओरडून सांगायचं, मन मोकळं करायचं आणि डबा काखेला मारून घरी जायचं.

एका शुक्रवारी घाईत मशीन कानातच राहिलं. पदराखाली ते कुणाला दिसलं नाही. मोटर सुरू झाली आणि सरजाबाई चमकल्या. घरघर मागे हटली आणि समोरची गुरम्मा अगदी स्पष्ट ऐकू आली. सुनेने दुधावरची साय कशी लपवली, याचं ती साग्रसंगीत वर्णन करत होती. मशीन काढायला हवं हे सरजाबाईंना कळत होतं, पण इतक्या वर्षांचं उपाशी माणूस भरल्या ताटावरून उठतं होय?

तेवढ्यात पोत्यांच्या कोपऱ्यातून शिल्पाचा आवाज आला. ती शेजारच्या तनुजाला सांगत होती.

"धर्माबादच्या दवाखान्यातून फोन आला. रक्त तपासायच्या कामावर घेऊन राहिलेत. सोमवारी या म्हणले."

"मग जा की! बजरंगभावजी बी तिकडंच हायत, नांदेडला."

बजरंग म्हणजे सरजाबाईंचा मुलगा, शिल्पाचा नवरा. तो नांदेडला ट्रॅक्टरचा मिस्त्री होता आणि फक्त रविवारी घरी यायचा.

"न्हाई जायाचं," शिल्पा म्हणाली. "आत्याला एकटं कसं टाकू? गिऱ्हाईक काय म्हणतंय, ते बी मलाच सांगावं लागतंय."

"इचार तरी त्यांना."

"इचारलं तर जा म्हणतील. म्हणून तर सांगत न्हाई."

सरजाबाई पोत्यांच्या कोपऱ्याकडेच बघत राहिल्या. दळण कधी संपलं, दगडावर दगड कधी घासू लागला, त्यांना काहीच कळलं नाही. जळका वास सुटला तशी शिल्पा धावत आली आणि तिने मोटर बंद केली.

"आत्या! दगड रिकामा फिरून राहिला व्हता. ऐकू आलं न्हाई का तुमाला?"

सरजाबाई गप्प बसल्या असत्या तर शिल्पा घरीच राहिली असती, आणि ती घरी राहावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. बोलल्या तर पोर जाणार होतीच, पण या बायाही पुन्हा इथे तोंड उघडणार नव्हत्या. त्यांनी पदर मागे सारला.

"तुझं ऐकू आलं, म्हणून दगडाचं न्हाई आलं. सोमवारी धर्माबादला जा."

शिल्पा त्यांच्या कानाकडे बघतच राहिली. गुरम्मा डब्याचं झाकण उगाच लावू-काढू लागली.

"गुरम्मा, तुझं बी ऐकलं. चुकलं माझं," सरजाबाई म्हणाल्या.

"आत्या, तुमी हितं एकट्या..."

"गिऱ्हाईकाचं ऐकू येतंय आता मला. तुझ्याबिगर करमायचं न्हाई, ते खरं हाय. पण तेवढ्यासाठी कुणी कुणाला बांधून ठेवतं का, पोरी?"

शिल्पा गेली. तिला तिथलं काम आवडलंय, हे फोनवरच्या आवाजातच कळतं. गिरणी मात्र मुकी झाली. बाया डबे ठेवून निघून जायच्या, नाहीतर तोंडाला पदर लावून बसायच्या. सरजाबाईंना ते फार लागलं.

आता त्या मशीन घालून दळण मोजून घेतात, जाड हवं की बारीक ते विचारतात. मग मोटर सुरू करायच्या आधी मशीन कानातून काढतात आणि सगळ्यांना दिसेल असं वजनकाट्यावर ठेवतात. पहिले काही दिवस कुणी बोललं नाही. मग एकदा गुरम्माच तनुजाच्या कानाला लागली.

घरघर पूर्वीसारखी कानात भरते. दगड हलका झाला की बरोबर कळतं. समोर बायांचे ओठ भराभर हलत असतात आणि सरजाबाईंना बरं वाटतं. मधूनच त्या सवयीने पोत्यांच्या कोपऱ्याकडे बघतात. तिथे कुणी नसतं. मग त्या हात झटकतात आणि पुढचा डबा ओततात.