बगळ्याची मोहोर

होरेस थर्टलला क्लाइव्ह लार्टरची एक सवय कधीच सहन झाली नव्हती. जमिनीतून काहीही निघो, नाणं असो की पट्ट्याचं बक्कल, लार्टर त्यावर थुंकायचा आणि अंगठ्यानं चोळायचा. तेवढ्यानं नक्षी उघडी पडली नाही तर ती वस्तू सरळ तोंडात घालून जिभेनं माती काढायचा. मग त्याच हातानं डब्यातला सॉसेज रोल काढून ‘घे’ म्हणायचा. थर्टल हा उभा जन्म जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जुन्या कागदांच्या याद्या करण्यात घालवलेला माणूस. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी पुस्तक उघडण्याआधी तो हात धुवायचा. “भूक नाही,” असं पुटपुटून तो दुसरीकडे बघायचा.

तरी तो लार्टरबरोबर शेतात येत होता, कारण मेटल डिटेक्टर लार्टरचा होता, शेतमालकिणीची परवानगी लार्टरनं मिळवली होती, आणि थर्टलला नेमकं हेच शेत हवं होतं. नदीकाठच्या या वीस एकरांत डेल्व्हर घराण्याचं मोठं घर होतं, चारशे वर्षांपूर्वी जळून गेलेलं, असं त्यानं पदरच्या पैशानं छापलेल्या एका पुस्तिकेत लिहिलं होतं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. गावातल्या जुन्या शिक्षिका मिस मेस यांनी गावच्या पत्रिकेत चार ओळींत तिची वासलात लावली. घर नदीपलीकडे होतं असं त्यांचं म्हणणं, आणि ‘मिस्टर थर्टल यांना कागद वाचता येतात, जमीन नाही.’ थर्टलनं उत्तर पाठवलं नाही. उत्तराचे सतरा मसुदे मात्र त्याच्या टेबलाच्या खणात होते, हे लार्टरलाही ठाऊक होतं. प्रत्येक मसुदा लिहिताना त्याला वाटे, बाईंचंच खरं असलं तर?

ऑक्टोबरातली नांगरट नुकतीच झाली होती. शेजारच्या डुकरांच्या गोठ्याचा दर्प वाऱ्याबरोबर येऊन घशात बसत होता. डिटेक्टर वाजला.

“खण इथं,” लार्टर म्हणाला. “माझे गुडघे आज संपावर आहेत.”

थर्टलनं वीतभर खणलं. ढेकूळ फोडलं आणि आतून अंगठी निघाली, चांदीची, जाड. तिच्या चपट्या तोंडावर काहीतरी कोरलेलं होतं, पण खाचांत चिखल घट्ट बसला होता. त्यानं थुंकी लावली. चोळलं. आणि मग, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्यानं ती तोंडात घातली.

बाहेर काढली तेव्हा बगळा दिसला. चोचीत वाम मासा धरलेला, एक पाय उचललेला. हाच बगळा थर्टलनं डेल्व्हरांच्या दस्तऐवजांवर लाखेत उमटलेला शेकडो वेळा पाहिला होता.

लार्टर खो खो हसला. “वीस वर्षं नाकाला रुमाल लावून बसायचास, आणि आज चाटलंस की लेका! चव कशी आहे?”

“डेल्व्हरांची मोहोर आहे ही. क्लाइव्ह, घर इथंच होतं.”

“इथं?” लार्टरनं बुटानं माती उकरली. “अरे बाबा, हे हगणदारीचं शेत आहे.”

“काय?”

“माती बघ, केवढी काळी. शिंपले, चिलमींचे तुकडे, बटणं, फुटक्या बशा. वीट आहे कुठं? कौल? खिळा? शहरातले संडासाचे खड्डे उपसायचे, पडावात, म्हणजे मालाच्या होडीत भरायचे आणि इथल्या नदीच्या धक्क्यावर उतरवायचे. आमच्या वाडवडिलांनी वाहिलंय ते. सोनखत. अशा शेतात अंगठ्या निघतातच. बसला असेल कुणी डेल्व्हर शहरातल्या घरी भोकावर, बोट थंडीनं बारीक झालेलं, गेली खाली. हात कोण घालणार?”

थर्टल कुंपणाआड गेला आणि सकाळचा चहा, टोस्ट, सगळं बाहेर आलं. तीनशे वर्षांत त्या मैल्याची माती झाली, आता ती नुसती माती आहे, हे डोक्याला पटत होतं. पोट ऐकत नव्हतं. ओणवा असतानाच त्याला त्या पडावांच्या हिशेबांचं बाड आठवलं. दफ्तरखान्यात त्याच्याच हाताखालून गेलं होतं. कशाची वाहतूक आहे हे पहिल्या पानावर कळताच त्यानं नाक मुरडून फीत बांधून टाकली होती. यादीत एकच ओळ लिहिली होती, ‘किरकोळ.’

“सांगायचं कशाला कुणाला?” परतताना लार्टर म्हणाला. “अंगठी इथं सापडली, हे तर खरं ना? तेवढंच सांग. मेसबाईचं तोंड बघायला मी पहिल्या रांगेत बसतो.”

इतकी जुनी चांदी सापडली तर कायद्यानं सरकारला कळवावीच लागते. शनिवारी दोघं गावच्या वाचनालयात गेले. सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी तरुण अधिकारी, मिस रिक्स, तिथं महिन्यातून एकदा बसायची. तिनं भिंगातून अंगठी पाहिली, वजन केलं, नकाशावर जागा टिपली.

“फार देखणी आहे,” ती म्हणाली. “तुमची पुस्तिका वाचलीय मी, मिस्टर थर्टल. खूश असाल ना? बरं, आसपास आणखी काय सापडलं?”

लार्टरनं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

“तसं विशेष काही नाही,” थर्टल म्हणाला.

आवाज मऊ होता, घरंदाज. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. जुन्या घराण्यातली माणसं कागद देणगी द्यायला यायची. वहीतली बेअब्रूची पानं ब्लेडनं कापलेली असायची. इथं काय होतं विचारलं की ती हसून अगदी याच आवाजात म्हणायची, तसं विशेष काही नाही. त्या माणसांची थर्टलला शिसारी होती. त्यांनी हात लावलेली पेन्सिलसुद्धा तो पुसून घ्यायचा. आता तोच आवाज बुळबुळीत होऊन त्याच्या स्वतःच्या घशातून आला होता.

“नाही,” तो म्हणाला. “खोडा ते. शिंपले सापडले. चिलमी, बटणं, काचा. माती काळी आहे. ते शहरातलं मैल्याचं खत आहे, पडावातून आलेलं. अंगठी त्यातूनच आली.”

लार्टरनं डोळे मिटले.

मिस रिक्सनं पेन थांबवलं. “म्हणजे घराचा पुरावा म्हणून...”

“शून्य. दफ्तरखान्यात पडावांचं बाड आहे. यादीत किरकोळ लिहिलंय. मीच लिहिलंय. नंबर देतो.”

“मग घर कुठं होतं?”

“माहीत नाही.”

चौदा वर्षांत हे दोन शब्द त्यानं कुणासमोर उच्चारले नव्हते. हलकं वगैरे काही वाटलं नाही. मिस रिक्सनं फिरवलेल्या कागदावर त्यानं सही केली आणि ती नीट आली नाही म्हणून त्याला स्वतःच्या सहीचीही किळस आली.

बाहेर येऊन लार्टरनं डोक्यावर टोपी दाबली. मग म्हणाला, “मूर्ख आहेस तू, होरेस. गावच्या पत्रिकेत छापून येईल हे. मेसबाईला आधी कोण सांगणार? मी सांगू?”

“पत्र लिहितो.”

“अठरावा मसुदा?”

थर्टल थांबला. रस्त्याच्या टोकाला मिस मेस यांचं हिरवं दार दिसत होतं. त्या चहा देतील. बिस्किटं देतील. ‘अरेरे’ म्हणतील आणि ते म्हणताना त्यांना झालेला आनंद बशीवर सांडेल.

“मीच जातो,” तो म्हणाला, आणि कोटाची बटणं लावू लागला.