माहेरच्या नावाने

आर्डिसने सरबताचा पेला डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची चिकट बोटं स्कर्टला पुसली आणि टेबलामागच्या मुलीला नाव सांगितलं.

"आर्डिस ब्रेके."

मुलीने ते संगणकावर टाइप केलं. काउंटीच्या जत्रेत, लोणची-मुरंब्यांच्या दालनाला लागून, राज्याच्या खजिन्याचं हे टेबल दर जुलैत लागे. विसरलेली खाती, न वटवलेले चेक, कुठली तरी अनामत, ज्याचा मालक सापडत नाही असा पैसा शेवटी राज्याकडे येतो आणि मालक येईपर्यंत पडून राहतो. नाव सांगायचं, असेल तर कळतं. आर्डिस गेली नऊ वर्षं सांगत होती.

"काही नाही, मॅडम. सॉरी."

"मला कसलं असणार!" आर्डिस हसून म्हणाली. नऊ वर्षं ती हेच म्हणून हसत होती.

तिच्यामागे तिची धाकटी बहीण मार्लिस उभी होती. सदुसष्टाव्या वर्षी पिवळी टोपी घालून जत्रेत फिरायचं धाडस त्या गावात तिच्याशिवाय कोणात नव्हतं, आणि तिला ती शोभतही होती, हेच तर आर्डिसला सोसत नव्हतं. नवरा गेल्यावर मार्लिस तीन वर्षांपूर्वी मिनेसोटाहून गावात परत आली. आल्या वर्षीच तिच्या चेरी भरून भाजलेल्या गोड 'पाय'ला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. आर्डिस तेवीस वर्षं काकडीचं लोणचं ठेवत होती, तिला तिसऱ्या नंबरची पांढरी मिळे. यंदाची निळी फीत मार्लिसच्या पर्समधून बाहेर लोंबत होती. ती आत सारायचं तिला सुचलं नसेल असं आर्डिसला मुळीच वाटत नव्हतं.

"माझं बघ गं. मार्लिस लिंडाल." काही निघालं नाही. "बरं, माहेरचं घालून बघ. मार्लिस थोर्सगार्ड. गंमत म्हणून."

मुलीने टाइप केलं आणि ती खुर्चीत सरळ झाली.

"आहे की! मार्लिस थोर्सगार्ड, पत्ता रूरल रूट दोन. बँकेतलं बचतखातं. शंभर डॉलरच्या वर."

"वर म्हणजे किती?" हे आर्डिसने विचारलं.

"ते इथे नाही दिसत, मॅडम. खात्यावरचं पहिलं नाव आणि पत्ता एवढंच येतं. बाकीचं यांच्या घरी कागद येईल त्यात. तुमचंही माहेरचं बघू का?"

"नको," आर्डिस म्हणाली. "थोर्सगार्डांचं जे काही होतं, ते एकीच्याच नावावर गेलंय."

मार्लिसने तिच्याकडे पाहिलं. बाहेर येऊन दोघींनी डुकराच्या मांसाचे तुकडे खाल्ले, मार्लिसने पैसे दिले, आणि तेही आर्डिसला लागलं.

ते खातं कशाचं, हे तिला टेबलापाशीच कळलं होतं. ते डीकनचे पैसे होते.

डीकन म्हणजे काळा गोऱ्हा. शेतकऱ्यांच्या मुलांचं फोर-एच मंडळ असतं, त्यातली मुलं वर्षभर एक जनावर पाळतात, जत्रेत दाखवतात आणि शेवटच्या दिवशी लिलावात विकतात. डीकनला घरी आणलं तेव्हा आर्डिस अठरा वर्षांची होती. रोज पहाटे पाचला उठून, बर्फ फोडून, तिने त्याला पाणी पाजलं. जत्रा आली तोवर तिला एकोणीस पूर्ण झाली आणि वयोमर्यादेमुळे मंडळातून नाव कमी झालं. वडिलांनी डीकनची मालकीण म्हणून पंधरा वर्षांच्या मार्लिसचं नाव घातलं. मार्लिसने दोरी धरून त्याला मैदानात एक फेरी मारली, अजिंक्यपदाची जांभळी फीत घेतली, लिलावात त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या रडण्याचा फोटो पेपरात आला. आर्डिस गोठ्यामागे रडली, तिथे फोटोवाला नव्हता. चेक मार्लिसच्या नावाने निघाला, आणि पुढे त्या पैशांचं काय झालं हे आर्डिसने विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात ती बहिणीशी बोलतच नव्हती.

या गोष्टीला बावन्न वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत माणूस विसरतो म्हणतात. आर्डिस विसरली नव्हती.

मंगळवारी दुपारी फोन आला.

"ऐक ना, त्या खजिन्याचा कागद आलाय," मार्लिस म्हणाली. "मी त्या पत्त्यावर राहत होते याचा पुरावा मागतात. माझं नाव आणि रूट दोन, दोन्ही असलेलं काहीही चालेल. माझ्याकडे तर तिथली एक चिंधीसुद्धा नाही. घरातलं जुनं सगळं तुझ्याकडे आहे ना?"

"होतं काही काही. बघते."

"शोध हं नीट."

आर्डिस तळघरात गेली. शोधावं लागलंच नाही. नाताळच्या बिस्किटांचा निळा डबा, त्यात आईच्या पाककृतींखाली, जत्रेतल्या गोठ्याच्या खांबावर लावतात ती मालकाच्या नावाची चिठ्ठी. कोपऱ्यात भोक, भोकात सुतळी. 'मार्लिस थोर्सगार्ड, रूरल रूट दोन. गोऱ्हा, काळा.' मागे पेन्सिलीने महिनावार डीकनची वजनं, आर्डिसच्या अक्षरात. लिलावाच्या संध्याकाळी तिने ती खांबावरून ओढून घेतली होती. फीत मिळाली नाही, निदान ही तरी आपल्याकडे असावी म्हणून.

तिने चिठ्ठी वर आणली आणि जेवणघरातल्या कपाटाच्या खणात, नाताळच्या टेबलक्लॉथखाली सारली.

"काय सापडलं?" टीव्हीसमोरून ऑर्विलने, तिच्या नवऱ्याने, विचारलं.

"काही नाही."

"मग हसतेस कशाला?"

"मी कुठे हसतेय?" ती म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

गुरुवारी पुन्हा फोन आला. तळघरात ओल आली होती, कागदांचा लगदा झालाय, असं तिने सांगितलं. रविवारी चर्चमध्ये कॉफी घेताना मार्लिसने पुन्हा विचारलं. "सगळं उपसलं गं, नाही सापडत," आर्डिस म्हणाली, आणि खोटं बोलताना आवाज इतका सरळ निघतो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पैसे मिळत नाहीत ना, राहू देत राज्याकडेच. आपल्याला नाही तर तिलाही नाही. त्या आठवड्यात तिला झोप मात्र छान लागली.

पुढच्या मंगळवारी सकाळी मार्लिस स्वतःच आली. हातात रूबार्बच्या आंबट-गोड वड्यांचं ताट आणि काखेत लांबट पाकीट. ऑर्विल नटबोल्ट आणायला गेला होता. आर्डिसने कॉफी ओतली.

"नाही सापडलं म्हणतेस," मार्लिस म्हणाली.

"नाही ना."

"बरं. पुरावा मिळो न मिळो, तू सही तर कर."

"मी कशाला सही करू?"

मार्लिसने पाकिटातून कागद काढला आणि वड्यांचं ताट सरकवून मधे ठेवला. आर्डिसने चष्मा लावला. खातेदारांच्या रकान्यात दोन नावं होती. पहिलं मार्लिस थोर्सगार्ड, खाली आर्डिस थोर्सगार्ड. शेजारी रक्कम, सहाशे बारा डॉलर. खाली सह्यांसाठी दोन रेघा.

"खातं उघडताना बँकेतल्या बाई म्हणाल्या, एकीच्या सहीने निघू देत की दोघींच्या? म्हटलं, दोघींच्या. नाहीतर मी पुढच्या जत्रेतच उडवले असते." मार्लिस वडी कापत होती. "तुझी सही आणून देते म्हणाले होते. पण तू बोलत होतीस कुठे माझ्याशी? मग कॉलेज, लग्न, मिनेसोटा. विसरूनच गेले गं."

"मला का घेतलंस त्यात?"

"का म्हणजे? गोऱ्हा तुझा होता. पहाटे पाचला मी उठत होते का?"

आर्डिसने चष्मा काढला, पुन्हा घातला. मग ती उठली, चार पावलांवरच्या कपाटापाशी गेली आणि खण ओढला. तो नेहमीप्रमाणे अडकला, तिने झटका दिला. टेबलक्लॉथखाली हात घातला आणि न चाचपडता चिठ्ठी काढून आणली. कागदाशेजारी ठेवली. सुतळी कॉफीच्या बशीत पडली, ती तिने उचलून बाजूला केली.

"तळघरातले कागद भिजलेच नव्हते," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारीच ही चिठ्ठी मिळाली होती. तुला पैसे मिळू नयेत म्हणून लपवली."

मार्लिसने चिठ्ठी उलटली. मागची वजनं वरपासून खालपर्यंत वाचली.

"माहीत होतं," ती म्हणाली. "तू ही खांबावरून ओढलीस तेव्हा मी पलीकडच्या कठड्याशीच उभी होते. तू असलं काही टाकून देणारी नाहीस."

आर्डिसची नजर पुन्हा कागदावर गेली, मग पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावर.

"हा कागद तुझ्याकडे आठवडाभर आहे," ती म्हणाली. "फोन केलास तेव्हा माझं नाव तू वाचलं होतंस."

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मार्लिसने वडी बहिणीच्या बशीत ठेवली. टोपी नव्हती, निळी फीतही नव्हती, आणि आर्डिसला ती एकदम आईसारखी दिसली.

"नुसतं माझ्यासाठी म्हणून देतेस का, बघायचं होतं."

आर्डिसने वडीला हात लावला नाही. पेन उचललं आणि दुसऱ्या रेघेवर वाकली. अठ्ठेचाळीस वर्षांत ते आडनाव तिने लिहिलं नव्हतं, पहिलंच अक्षर वाकडं आलं. कागद सरकू नये म्हणून मार्लिसने तो पलीकडून धरून ठेवला.