डाग दिसावा म्हणून

मी एक जुना फलालीनचा तुकडा आहे. जन्मलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो, आता पिवळट पडलो आहे. माझ्या एका टोकाला आडवी काठी शिवलेली आहे आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी कड्या. अंगातले धागे बोरी-बाभळीच्या काट्यांनी जागोजागी ओढून काढले आहेत. मला पाहून कोणी म्हणतं झेंडा, कोणी म्हणतं पोतेरं. मित्रांनो, मी दोन्ही नाही. मी गोचिडी पकडणारा कपडा आहे. हसा खुशाल. मी पण आधी हसलोच होतो.

नांदुऱ्याच्या एका कापडदुकानात मी ताग्यात गुंडाळलेला होतो. माझ्या भावंडांची झबली झाली, टोपरी झाली, दुपटी झाली. मलाही वाटायचं, आपण एखाद्या बाळाच्या अंगाखाली जाऊ, तीट-काजळाच्या वासात राहू. एके दिवशी रेवतीताई दुकानात आल्या. त्यांनी मला गालाला लावून पाहिलं. दुकानदारानं हसून विचारलं, "बाळ केवढं आहे ताई?"

"बाळ नाही हो. गोचिडी धरायच्या आहेत."

त्याची कात्री हवेतच राहिली. मग तो म्हणाला, "मंग रंगीत घ्या ना. हे पांढरं लवकर मळते."

"मळलेलं दिसायला पाहिजे," ताई म्हणाल्या, "म्हणून तर पांढरं."

तेव्हा मला हे बोलणं कळलं नाही, उलट थोडं झोंबलंच. कोऱ्या कपड्याला कोणी असं बोलतं का?

रेवतीताई जनावरांच्या डॉक्टर. जनावरांकडून माणसांकडे येणाऱ्या तापांचा त्या अभ्यास करतात. त्यातले काही ताप गोचिडीच्या तोंडून येतात. कोणत्या गावात, कोणत्या गोठ्यात, कोणत्या गवतात कोणती गोचीड आहे, आणि तिच्या पोटात कोणता रोग आहे, हे शोधायचं, असं त्यांचं काम. आणि ते माझ्यावाचून अडायचं. गोचीड गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसते आणि वाट बघते. काहीतरी मऊ अंगाला घासून गेलं की तिला वाटतं, जनावर आलं. ती लटकते. ताई काठीला बांधलेली दोरी धरून मला गवतावरून, कुंपणावरून, गोठ्याच्या भिंतीवरून हळूहळू ओढत नेत. थोडं चाललं की मला उलटं करून पाहत. पांढऱ्यावर तपकिरी ठिपका हलला की चिमट्यानं उचलून कुपीत टाकत. काम संपलं की मला उकळत्या पाण्यात घालत. एवढ्या आंघोळी पोळ्याच्या बैलालाही मिळत नसतील.

साखरखेर्ड्याला बाया हसत. "काय व बाई, धुणं वाळू घालून राह्यल्या का घाण करून राह्यल्या?" ताईही हसत. पण त्याच बाया दुसऱ्या खेपेला आपणहून बोलवायच्या, "आमच्या गोठ्यात फिरवा ना तुमचं फडकं." फडकं म्हटलं तरी मी फुगायचो. माझ्या अंगावरच्या गोचिडी दूरच्या प्रयोगशाळेत जात, मोठमोठे लोक त्या यंत्रात तपासत. झबलं झालो असतो तर एका बाळापुरता झालो असतो, असं मी मनाशी म्हणायचो.

मग जानेफळचा तो दिवस आला.

पोळा होऊन आठवडा उलटला होता. मेहकरच्या एका दवाखान्यातून डॉक्टर चिंतामण यांचा ताईंना फोन आला. जीपमध्ये मी मागच्या बाकावर घडी होऊन पडलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. जानेफळची मुलगी, नाव प्रतीक्षा, चौथीत शिकणारी. ताप उतरत नाही. डेंग्यूची तपासणी केली, तो नाही. आज सकाळपासून तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ आलं आहे. लघवी कमी झाली आहे.

"गोचिडीचा ताप असेल तर त्याचं औषध वेगळं," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासायला पाठवलंय, पण रिपोर्ट यायला वेळ लागेल आणि मुलीजवळ तेवढा वेळ नाही. घरचे शपथेवर सांगतात, आमच्याकडे गोचीडच नाही. अंधारात कोणकोणतं औषध मारू? तुम्ही जवळ आहात. घर बघून सांगा."

ताईंनी जीप जानेफळकडे वळवली.

इंद्रभान हा प्रतीक्षाचा बाप. तो दवाखान्यात लेकीजवळ बसून होता. घरी त्याची आई होती, सुभद्राबाई. उंबऱ्यात उभी राहून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी घर फोडायला आलो आहे.

"गोचीड? आमच्या बैलाले?" ती म्हणाली. "जानेफळात इचारून या. सुभद्राबाईच्या ढवळ्याच्या अंगावर गोचीड दाखवा अन् हजार रुपये घेऊन जा. गोचिडी त्यायच्या घरी, ज्यायले बैलाची माया नाही. लोकं काय म्हणतीन?"

मित्रांनो, इथे बैलाच्या अंगावर गोचीड म्हणजे घराच्या तोंडाला काळं. ज्याचा बैल मळका, त्याची माणसं आळशी. पोळ्याला गावभरचे बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा लोक झूल नंतर पाहतात, आधी कानामागे पाहतात.

"आजी, मी कोणाला सांगायला नाही आले," ताई म्हणाल्या. "पोरीसाठी आले."

पोरीचं नाव निघाल्यावर म्हातारीचा हात दारावरून खाली आला.

पण दैव आडवं आलं. पहाटेपासून भुरभुर होती आणि सगळं ओलं होतं. ओल्या जागी मी निकामी होतो. पाणी पिऊन जड होतो, गोचीड चिकटत नाही. गोठा तेवढा कोरडा होता. ताईंनी मला जमिनीवरून फिरवलं, भिंतीवरून, गव्हाणीखालून, ढवळ्याच्या पायांमधूनही. उलटं केलं. मी कोरा. पुन्हा फिरवलं. पुन्हा कोरा. ताईंनी ढवळ्याचे कान चाचपले, शेपटीखाली पाहिलं. बैल आरशासारखा स्वच्छ होता.

"पाह्यलं?" सुभद्राबाई म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता, आणि डोळ्यांत पाणी.

इतका शुभ्र मी कधी निघालो नव्हतो आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती. त्या क्षणी एक डाग, फक्त एक डाग अंगावर यावा म्हणून मी जीव टाकत होतो. तिकडे मेहकरला एक लेकरू तापानं पेटलं होतं, आणि माझं कोरं अंग म्हणत होतं, इथे काही नाही, परत जा.

ताईंनी फोन काढला. डॉक्टरांना सांगायचं होतं की काही सापडलं नाही. तिकडे रिंग वाजू लागली.

"सापडंनच कसं?" सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत बोलतच होती. "माही नात हाये ना. शाळेतून आली का ढवळ्याजवळ. एक एक येचून काढते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलाच्या खांदमळणीले तर जेवली नाही, पाणी नाही पेली. दगडावर बसून नखावर नख ठेवते अन् टचकन फोडते. तिचे नखं पाहा तुम्ही, लालभडक. मेंदी म्हणतो आम्ही त्यायले."

ताईंनी फोन बंद केला.

"कुठल्या दगडावर, आजी?"

म्हातारी गडबडली. तिनं गोठ्याच्या मागे बोट दाखवलं. तिथे पाण्याच्या हौदाला लागून एक सपाट दगड होता, वर पत्र्याची पडवी, त्यामुळे तो भाग कोरडा राहिला होता. दगडावर सुकलेले काळे ठिपके होते. बाजूला हौदाची फुटकी भिंत. ताईंनी मला त्या भिंतीवर टेकवलं आणि इतकं हळू ओढलं की माझा एक एक धागा प्रत्येक फटीत डोकावून आला.

मग उलटं केलं.

मी मळलो होतो. तिळाएवढे ठिपके, आणि ते चालत होते. पोरीच्या बोटांतून जिवंत निसटलेल्या गोचिडी भिंतीत शिरल्या होत्या, तिथेच त्यांची पिलावळ झाली होती.

सुभद्राबाईनं तोंडाला पदर लावला. "म्हंजे तिनं फोडल्या म्हून..."

"फोडल्यावर आतलं सगळं नखांत जातं, आजी. बोटाला बारीकशी चीर असली तरी पुरे. त्याच हातानं डोळा चोळला तरी पुरे."

आणि ताई फोनवर बोलत होत्या. "डॉक्टर, आहेत. आणि मुलगी रोज हातानं फोडत होती. हो. वाट नका बघू."

"सुरू करतो," तिकडून आवाज आला.

ताई रात्री तिथेच थांबल्या आणि त्यानंतरची वाट मीही त्याच पडवीत पाहिली. मला उकळायचं भानही ताईंना राहिलं नव्हतं, बंद पिशवीत घालून खुंटीला अडकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभानचा फोन आला तेव्हा सुभद्राबाईच्या हातून तो घेववेना, ताईंनीच तिच्या कानाला लावला.

"माय," इंद्रभान रडून राहिला होता. "काल मले वळखत नव्हती. आज डोये उघडले अन् इचारलं, ढवळ्याले पाणी पाजलं का?"

म्हातारी त्याच दगडाजवळ बसली आणि मोठ्यानं रडली. मग ढवळ्याच्या गळ्यात पडून रडली. पुढे प्रयोगशाळेतूनही उत्तर आलं: माझ्या अंगावर सापडलेल्या गोचिडींत तोच रोग होता.

असं वाटेल की त्यानंतर मला मखरात बसवलं असेल. कसलं काय! काही दिवस कौतुक झालं, मग धागे विरले, भोकं पडली, ताईंनी नवा कपडा शिवून घेतला. मी जीपच्या स्टेपनीखाली गेलो. तिथे कितीतरी महिने ग्रीसचा वास घेत पडलो. नवा कपडा वर बाकावर बसायचा आणि मला वाटायचं, झबलं झालो असतो तर निदान एखाद्या आईनं आठवण म्हणून पेटीत तरी ठेवलं असतं.

पुढच्या पोळ्याआधी ताईंनी मला बाहेर काढलं, उकळलं, उन्हात वाळवलं आणि जानेफळला नेलं. प्रतीक्षा दारातच होती, उंच झालेली, तापात गळलेले केस पुन्हा दाट आलेले. ताईंनी तिला माझी गोष्ट सांगितली आणि मला तिच्या पडवीत टांगलं. त्या संध्याकाळी खांदमळणी होती. पोरीनं ढवळ्याच्या मानेवर हात फिरवला, कानामागे तिची बोटं थबकली, आणि सवयीनं नखावर नख आलं.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात मागे घेतला. "आजी, चिमटा!"

सुभद्राबाई चिमटा आणि हातमोजे घेऊन आली, आणि येता येता तिनं जे केलं ते पाहून मी थक्क झालो. ती गल्लीत उभी राहिली आणि ओरडली, "अव बाया हो, आमच्या ढवळ्याले गोचीड लागली! या, पाहा कशी काढाची ते! नखानं नाही!"

पंचफुला शेजारीण आधी कुजबुजली, मग आली. मग दुसरी आली. मग पोरं आली. चिमट्यानं निघालेली गोचीड साबणाच्या पाण्यात बुडाली आणि पडवीत गर्दी मावेना. कोणीतरी हळूच म्हणालं, आमच्याही बैलाले हायेत.

मित्रांनो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकलेली असली की नखांत काय साठलं आहे ते दिसत नाही. तुमच्या जनावराला गोचीड लागली तर लाजू नका, आणि तिला नखावर घेऊ नका. चिमट्यानं काढा, हात धुवा, ताप आला तर डॉक्टरांना आधी गोचिडीचं सांगा.

मी आता त्या खुंटीवरच असतो. ढवळ्याच्या अंगावरची धूळ माझ्यावर बसते. मळतो. मळलेलं दिसतं. नांदुऱ्याच्या त्या दुकानात ताई काय म्हणाल्या होत्या, ते मला आता कळतं.