पूर न पाहिलेली बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझ्यात कधी सरबत भरलं नाही की औषध. माझ्या वाट्याला आलं ते डोंगरातल्या नदीचं पाणी.

कारागिराने मला जाड काच दिली आणि जड पितळी पिंजऱ्यात बसवलं. पुलावरून मला दोराने नदीत सोडत. मी भरून वर आले की ते पाणी गाळून, मागे राहिलेली माती वाळवून तोलत. डोंगराची किती माती वाहून जाते, याचा अंदाज त्यावरून बांधत. खाली धरण व्हायचं होतं. ते किती वर्षांत गाळाने भरेल, हे त्या अंदाजावर ठरणार होतं.

दोर सोडणाऱ्याला सगळे गाळकाका म्हणत. मोठा जपणारा माणूस! मला धुऊन, पुसून, उजेडात धरून बघत. नदीला पूर आला, ओंडके वाहू लागले, की मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत.

"काका, पुरातला नमुना राहिला की हो," धरणाचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"बाई, ही फुटली तर दुसरी कधी येईल कोण जाणे. पूर ओसरू द्या, मग हवे तेवढे घेऊ."

"बरं, जपा तिला."

पूर ओसरला की नदी निवळलेली असे. डोंगराची बहुतेक माती पुराच्या चार-दोन दिवसांतच निघून गेलेली असे. मी वर आणलेल्या पाण्यावरून नदी फार गुणाची ठरली.

धरणाच्या जागेत काकांच्या बहिणीचं घर होतं. ती हलायला तयार नव्हती. काकांनीच तिची समजूत घातली. "अगं, नातवंडांच्या नातवंडांना पाणी पुरेल. माती मी स्वतः मोजलीय." भावाच्या शब्दाखातर तिने घर सोडलं.

तिच्या नातवाला मिसरूड फुटायच्या आत तलाव गाळाने भरला. एक दिवस ती कचेरीत आली. काका मला पुसत होते.

"दादा, घर पाण्याखाली जाईल म्हणाला होतास ना? ते चिखलाखाली गेलं रे. नळाला थेंब नाही."

तिने मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. "ही मात्र नव्यासारखी ठेवलीयस हं," म्हणाली, आणि निघून गेली.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. जपाच. पण ती ज्या दिवसासाठी केलेली असते, त्या दिवशी तिला कपाटात ठेवू नका. मी अजून अखंड आहे. एखादा तडा गेला असता तर बरं झालं असतं.