तळ्यातला भंडारा

देवळापुढं अख्खी वाडी दाटली होती. सोमाजीबाबानं मुठीतला पिवळा भंडारा दिवटीवर उधळला आणि माणसाएवढा जाळ भप्पकन उठून विझला.

"बघा, देवाचा भंडारा! ह्यो उंबऱ्यावर पडला की गाठीचा ताप, पलेग, माघारी फिरतो. पन घर सोडून रानात जाल तर कवच तुटंल. मग मला बोल न्हाई."

बाबाला बोल कधीच लागत नसे. ती सोय तो आधीच करून ठेवी.

त्या भाद्रपदात कुकडीकाठच्या या वाडीत उंदीर पडू लागले होते. एरवी उंदीर पडले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालत. म्हाताऱ्या ठकूबाईच्या पोरानं, गेणूनंही, झोपडीच्या खांबांसाठी मेढी तोडून ठेवल्या होत्या. बाबाच्या शब्दावर विसंबून ठकूबाईनंच त्याला अडवलं. आठव्या दिवशी त्याच्या काखेत गाठ आली, अकराव्या दिवशी तो गेला. "त्याच्या मनात शंका व्हती," बाबा म्हणाला. ठकूबाईनं तेही खरं मानलं. सून आणि दोन नातवंडं त्याच घरात, उंबऱ्यावर पिवळी रेघ.

ती पाण्याला तळ्यावर गेली. जुन्नरचा गफूर कागदी दरसालासारखा चटयांसाठी पाणकणीस कापत होता. त्याचा सदरा, दाढी, सगळं पिवळं.

"गफूरभाऊ, तुमालाबी बाबानं भंडारा लावला?"

"कुठला बाबा? ही कणसाची धूळ हाय, आक्का."

त्यानं एक दांडा तिच्या हातात दिला. पुरुषभर उंचीचा, भोवती तलवारीसारखी सरळ पाती, मोडली तर आत भुसभुशीत. टोकाला दोन कणसं. खालचं जाड, तपकिरी, मऊ. मग दोन बोटं उघडा दांडा. त्याच्यावर बारीक पिवळं कणीस. गफूरनं ते झटकलं आणि तिचा तळवा पिवळा झाला.

"चिलमीवर पडली तर भडकती. एकदा माजी दाढीच भाजली."

ठकूबाई तळव्याकडं बघत राहिली. जन्मभर तिनं हळदीत चुना मळून कुंकू केलं होतं. भंडारा म्हणजे हळदच, पण देवाच्या भंडाऱ्यात चुना घालून बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. घरी येऊन तिनं चंचीतला चुना उंबऱ्यावरच्या रेघेत चोळला. रेघ पिवळीच राहिली. ती तिथंच बसून रडली.

दुपारी बाबाभोवती माणसं जमली, तेव्हा ती देवळापुढं उभी राहिली. एका तळव्यावर घरची हळद, दुसऱ्यावर बाबाचा भंडारा, दोन्हींत चुना. एक तळवा लालभडक झाला. दुसऱ्यावर काही झालं नाही. मग तिनं तळ्यातलं कणीस दिवटीवर झटकलं. तोच जाळ उठला.

"म्हातारी पोराच्या दुःखानं येडी झाली," बाबा म्हणाला.

"व्हय, येडीच व्हते. म्हणून पोरगा घालवला. तुमी घालवू नगा."

सांजेपर्यंत वाडी रिकामी झाली. गर्दीत बाबा कुठं सटकला, कुणी पाहिलं नाही. गेणूनं तोडलेल्या मेढी ठकूबाईनं आणि सुनेनं रानात रोवल्या. नातवंडं वाचली.

पाणकणीस आजही तळ्याकाठी उभं असतं. त्याचा काही दोष नाही. देवाच्या नावानं कुणी काही हातावर ठेवलं, तर आधी ते पारखून घ्या. पारखल्यानं देव रागावत नाही. न पारखल्यानं गेलेलं माणूस मात्र परत येत नाही.