उत्तम सत्याचा दिवस

वाटी पडली. स्टीलची, रिकामी. पडून गप्प बसायचं सोडून फरशीवर गोल गोल फिरत राहिली. मी ओट्यापासून धावले आणि तिच्यावर पाय दिला.

"मी नाही पाडली," ब्राह्मी म्हणाली. मग आपणच आठवून, "मीच पाडली. आज खोटं बोलायचं नाही ना, मम्मी?"

"हळू बोल गं. बाबा झोपलेत."

आमच्या सांगलीच्या घरात सकाळपासून हेच चाललं होतं. बेल बंद करून ठेवली होती. कुकर न लावता डाळ पातेल्यात टाकली होती. आतल्या खोलीत भरतेश आडवा झाला होता, उशी बाजूलाच राहिलेली, पायात मोजे तसेच. रात्रभर विमान चालवून तो पहाटे पुण्यात उतरला आणि तसाच गाडी काढून निघाला. मग साताऱ्याहून माझ्या बाबांचा फोन आला. "ऋचा, जावईबापू आपल्या दारात गाडीतच झोपले होते. इंजिन चालू. मी काच वाजवली तर दचकून म्हणाले, 'उतरतोय, उतरतोय.' घोटभर चहा घेतला आणि गेले. पोचले की कळव." बाबा हसत होते. मला हसू आलं नाही.

पोचल्यावर मी त्याला दारातच म्हटलं होतं, "ऑफिसला सांग ना, थकलोय म्हणून. तशी सोय आहे ना तुम्हाला?"

"आहे की. सौमित्रनं वापरली."

सौमित्र त्याच्या बरोबरीचा. एकदा त्याने कळवलं, आज माझ्याने होणार नाही. कुणी रागावलं नाही. फक्त बोलावून घेतलं आणि मायेने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, झोपेची काही तक्रार आहे का? आणि त्याची कॅप्टनची परीक्षा पुढच्या वर्षावर गेली. भरतेशची परीक्षा महिन्यावर आली होती.

"आज फोन आला तर मात्र सांगायचं," मी म्हटलं. "मला तुझी कॅप्टनकी नको, तू हवायस."

तो हो म्हणाला, की नुसतीच मान कलली, ते कळलं नाही.

पर्युषणाचे दिवस होते. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दहाही दिवस नियम पाळतात. रोज एक धर्म, म्हणजे क्षमेसारखा एक गुण, आणि त्याचा एक नियम. त्या दिवशी उत्तम सत्य. सकाळी देवळात त्यांनी स्वतः नियम घेतला आणि नातीलाही दिला. दिवस मावळेपर्यंत खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. माझ्या माहेरी उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. जिभेलाही उपास घडवता येतो, हे मला या घरात येऊन कळलं.

दुपारी कुंडलहून भाऊसोकाका आले, आत्यांचे चुलत दीर. मी दारातच हळू आवाजात म्हटलं, "भरतेश घरी नाहीत."

"आहेत!" ब्राह्मी माझ्या मागून ओरडली. "आत झोपलेत!"

माझे कान तापले. आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय, हाय की," त्या म्हणाल्या. "दमून आलाय. बसा, पर दमानं बोला."

दमानं बोलणं भाऊसोकाकांना कुठलं जमतंय! "भर दुपारी झोपतोय व्हय? आवं वैनी, विमान आपसूक चालतंय म्हणत्यात. बटण दाबलं का झालं. ह्यो काय करतोय तिथं?"

"तुमचं त्वांड बी आपसूकच चालतंय की," आत्या म्हणाल्या. "त्येला बटण कुठं हाय तेवढं सांगा, बंद करायचं हाय."

भाऊसोकाका जे हसले, त्याने आतली कडी वाजली. भरतेश उठून बाहेर आला. काकांच्या पाया पडला, खुर्चीत बसला, आणि त्यांच्या सगळ्या प्रश्नांना हसून उत्तरं देत राहिला. मी त्याचे डोळे बघत होते. पांढऱ्या भागात लाल रेघा उमटल्या होत्या.

काका गेल्यावर तो पुन्हा आडवा झाला, पण डोळा लागतोय तोवर आत्यांनीच हाक मारली. "उठ रं बाळा. ऊन हाय तवर चार घास खाऊन घे. मग खुशाल झोप."

या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. तो उठला. आत्या समोर बसून वाढत होत्या, मी भाकरी थापत होते. थोड्या वेळाने पाठीमागून आवाज येईना म्हणून वळले. भरतेश ताटासमोर ताठ बसला होता, हातात आमटीत बुडवलेला तुकडा, आणि झोपला होता. मनगटावरून आमटीचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. आत्यांनी त्याच्या बोटांतला घास अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून काढावा तसा. पदराने ओघळ पुसला.

तेवढ्यात फ्रिजवरचा त्याचा फोन वाजला. माझे हात पिठाचे. आत्यांनी घेतला आणि चुकून स्पीकर लागला. ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसातली मुलगी होती, अगदी गोड बोलणारी. उद्या दुपारचं विमान आता पहाटेचं झालंय, कुणीतरी आजारी पडलंय. "आंटी, उनका रेस्ट तो पूरा हो गया है ना?"

"न्हाई झाला," आत्या म्हणाल्या. मग त्यांना जमेल तशा हिंदीत, "वो मेरे सामने बैठा हय, पर सोया हय. जेवते जेवते सोया. लई थका हय. आज मैं खोटा नई बोलती, मेरा नियम हय."

"पर आंटी, सिस्टम में तो रेस्ट पूरा दिख रहा है."

"तो सिस्टम को बोलो, इधर आके देख."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली. आता तो उठेल, फोन घेईल आणि म्हणेल, आई बरोबर बोलतेय. एवढंच तर म्हणायचं होतं. आत्यांनी अर्धं म्हणूनही टाकलं होतं.

भरतेशचे डोळे उघडले. त्याने आईच्या हातातला फोन पाहिला आणि तो ओढूनच घेतला. त्याचा आवाज बदलला, प्रवाशांशी बोलतानाचा तो रुंद, हसरा आवाज. "हां मॅडम, मैं बोल रहा हूँ. अरे नहीं, माँ है ना, ऐसे ही बोलती है. एकदम फ्रेश हूँ. कन्फर्म."

फोन ठेवला. भाकरी करपल्याचा वास आला.

"माझ्या बोलण्यानं तुझं काय बिघडलं न्हाई ना रं?" आत्यांनी विचारलं.

"नाही गं आई."

तो बॅग भरायला उठला. पहाटे विमानतळावर असायचं तर आत्ताच निघायला हवं. "गाडी मी चालवणार," मी म्हटलं. "साताऱ्यापर्यंत मी, पुढे बाबा. तू मागे झोप." आत्या आत गेल्या आणि आपली उशी घेऊन आल्या.

ब्राह्मी उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होती. समोरच्या भिंतीवर अजून ऊन होतं. माझा पदर ओढून तिने मला खाली वाकवलं आणि कानात विचारलं,

"मम्मी, खोटं कोण बोललं? आजी, का बाबा?"