अकरा जणांची श्रवणबेळगोळ यात्रा

बारामतीचे धन्यकुमार शहा बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या हाताखाली सात माणसं होती. निवृत्तीनंतर एकटी पत्नी शरयू उरली, आणि ती काही रजेचा अर्ज घेऊन समोर उभी राहत नव्हती. त्यामुळे पर्युषण संपल्यावर त्यांनी श्रवणबेळगोळच्या यात्रेचं नियोजन हाती घेतलं, तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं.

इच्छा खरं तर राजुलताईंची. धन्यकुमारांची ही मोठी बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची, इंदापूरला एकटी राहणारी. गुडघे चालताहेत तोवर एकदा बाहुबलींचं दर्शन घडव, एवढंच त्या भावाला म्हणाल्या होत्या. भावानं ते फार मनावर घेतलं. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप काढला.

ग्रुपमध्ये अकरा नातेवाईक झाले आणि दर रविवारी धन्यकुमारांच्या दिवाणखान्यात बैठक भरू लागली. पहिल्या बैठकीत रेल्वे कुठून धरायची हा विषय होता. बारामतीकर दौंड म्हणाले, इंदापूरकर कुर्डुवाडी म्हणाले, आणि पुण्याचे एक मावसभाऊ म्हणाले की आपण विमानानं येऊ, पण रेल्वेच्या यादीत नाव असू द्या. दुसऱ्या बैठकीत जेवण. कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही आणि सूर्यास्ताआधी ताट उचललं पाहिजे, यावर पहिल्याच मिनिटाला एकमत झालं, म्हणून त्यावर दीड तास चर्चा झाली. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या स्टेशनावर सूर्य किती वाजता मावळतो याचा तक्ता धन्यकुमारांनी तयार केला आणि लॅमिनेट करून आणला.

तिसऱ्या बैठकीला कळस गावच्या जोतीरामला बोलावलं. तो आपल्या सात सीटच्या गाडीतून लोणी देवकरच्या कारखान्यातली माणसं पाळीला ने-आण करायचा. गाडीत किती जण बसतील, असं त्याला विचारलं. तो सात म्हणाला. त्यानं नीट विचार करून सांगावं, अशी विनंती करण्यात आली.

"शेठ, मी कुर्डुवाडीला सोडतो अन् माघारी आणतो," जोतीराम म्हणाला. "बेंगळुरूच्या म्होरं तितलीच गाडी करा. हितनं गाडी न्यायची काय गरज न्हाय."

हा शहाणपणाचा सल्ला 'इतर' या सदरात लिहून ठेवला गेला.

मग साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडायची वेळ आली. अकरापैकी आठ जणांना खालचा बर्थ हवा होता. कुणाची गरज मोठी हे ठरवायला धन्यकुमारांनी त्याच सकाळी ग्रुपवर मतदान घेतलं. मतदान अत्यंत शांततेत पार पडलं. तोवर गाडी वेटिंगला गेली. धन्यकुमार खचले नाहीत. त्यांनी तारीख पुढं ढकलून सुधारित आराखडा काढला. त्या तारखेला कुणाच्या घरी लग्न निघालं, पुढच्या तारखेला कुणाच्या खतांच्या दुकानाचा हंगाम.

असे चौदा रविवार गेले. चौदाव्या बैठकीनंतर राजुलताई स्वयंपाकघरात येऊन बसल्या. शरयू कप विसळत होती. चौदा रविवार तिनं चहा आणि खाकरे पुरवले होते; तिला काही विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

"शरयू, उजव्या गुडघ्यानं या महिन्यात तीनदा दगा दिला," राजुलताई हळूच म्हणाल्या. "आता तो अकरा जणांची वाट बघायचा नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू बारामती स्टेशनच्या खिडकीवर गेली. ज्येष्ठांच्या कोट्यातून कुर्डुवाडीहून खालचे दोन बर्थ आणि परतीचेही दोन मिळाले. दोन माणसांबद्दल रेल्वेची काहीच तक्रार नव्हती.

मी आणि ताई मंगळवारी निघतोय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. ते पुढचा आराखडा दुरुस्त करत होते. ग्रुपवर टाक, म्हणाले. तिनं टाकलं. त्यावर पाच जणांनी हात जोडले, एकानं गुलाब पाठवला, आणि धन्यकुमारांचं उत्तर आलं: 'सूचनेची नोंद घेतली. रविवारी चर्चेला घेऊ.'

मंगळवारी शरयू एसटीनं इंदापूरला गेली. पुढं जोतीरामनं दोघींना कुर्डुवाडीला सोडलं. धन्यकुमार कामात असल्यामुळं शरयू घरात नाही हे त्यांना रात्री आठला कळलं, तेही भूक लागल्यावर. तोवर सूर्य कधीच मावळला होता, त्यामुळे नियमानुसार ते उपाशी झोपले.

दोघींनी गाडीत खिडकीबाहेर बघून वेळेत थेपले खाल्ले. बेंगळुरूहून धर्मशाळेनं सांगून ठेवलेली गाडी केली. डोंगर चढताना चाळीस पायऱ्यांवर राजुलताईंचा गुडघा आखडला, तेव्हा शरयूनं डोली ठरवली. वर बाहुबलींसमोर राजुलताई हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या, की शरयूला त्यांना बसा म्हणायचा धीर झाला नाही. मग तिनं एक फोटो काढून ग्रुपवर टाकला. एका वाक्याचीही जोड दिली नाही.

फोटो पाहून दोन दिवस धन्यकुमारांचा अपमान झाला. तिसऱ्या दिवशी घर फारच शांत वाटायला लागलं. ते कळसला गेले आणि दोघींना आणायला आपणही कुर्डुवाडीला येतो, असं जोतीरामला म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते पुढच्या सीटवर बसले होते. इंदापूर जवळ आल्यावर मागं न वळता म्हणाले, "साडेसहाशे पायऱ्या आहेत, ताई. मला त्या चढवणार नाहीत. सगळ्यांसमोर कसं सांगायचं, कळेना."

गाडीत कुणी हसलं नाही.

"मी चाळीस चढले," राजुलताई म्हणाल्या. "बाकी डोलीतून गेले."

"मग पुण्य?"

"ते डोलीवाल्यांना. मला दर्शन पुरलं."

फाल्गुनात शरयूनं पुन्हा दोन तिकिटं काढली. डोली उचलली तेव्हा धन्यकुमारांनी डोळे घट्ट मिटून घेतले, ते वर पोचल्यावरच उघडले. समोरची मूर्ती ते पायांपासून वर पाहत गेले आणि थांबले. शरयू वाट बघत होती, की आता काही दुरुस्ती सुचवतील. त्यांनी फक्त तिचा हात धरला.